मनगटाएवढी खोली

सोमवार, १९ जून
ज्वालामुखी निरीक्षण चौकी, सारोंदे

पापा,

हे पत्र कामाचं आहे. फेब्रुवारीपासून मी या चौकीवर निरीक्षक आहे, हे तांते सेल्वीने तुम्हाला सांगितलं असेल. मी स्वतः कळवलं नाही. तुमचा फोन बंद असतो, पण मी तो फक्त दोनदाच लावला होता, हेही खरं.

तांते दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुमच्यासाठी तांदूळ घेऊन वर येते. तिच्याबरोबर हे पाठवते आहे. तुमचा चष्मा फुटलाय आणि पत्र तीच वाचून दाखवणार आहे, हे मला माहीत आहे. तांते, मधेमधे स्वतःचं काही घालू नकोस.

मुद्दा असा. राखीव जंगलातल्या गरम झऱ्याचं पाणी एप्रिलमध्ये एकेचाळीस अंश होतं, आज सेहेचाळीस आहे. आमची कंप मोजणारी दोन यंत्रं डोंगराच्या उत्तर अंगाला आहेत आणि ती शांत आहेत. तिसरं यंत्र दक्षिणेला, तुमच्या बाजूला होतं. ते फेब्रुवारीपासून बंद आहे आणि नवीन सप्टेंबरशिवाय मिळणार नाही. म्हणजे मालेओ पक्षी जिथे अंडी पुरतात त्या मैदानाखाली काय चाललंय, ते मला दिसत नाही.

तुम्हाला दिसतं. या वर्षी पक्षी किती खोल खणत आहेत? मागच्या वर्षी किती खोल खणत होते? एवढं कळवा.

आणि काही दिवसांसाठी खाली गावात येऊन राहिलात तर बरं. तांतेकडे मागची खोली रिकामी आहे.

युला


शुक्रवार, २३ जून

पापा,

तुमचा निरोप मिळाला. तांतेने तुमच्याच आवाजात सांगितला. "निरीक्षकबाईंना म्हणावं, येऊन खड्डे मोज. मोजण्यात तिचा हात कुणी धरणार नाही."

मग काल मी आले. नियमाप्रमाणे पक्ष्यांच्या मैदानात पहारेकऱ्याशिवाय कुणाला जाता येत नाही, म्हणून फाटकावर इतर पाहुण्यांसारखं नाव लिहिलं आणि पायवाटेने झऱ्यापर्यंत गेले. माझ्यापुढे मानादोहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातली आजी झऱ्यात पाय सोडून बसली आणि लगेच ओरडली, "अरे, हे पाणी आहे की रस्सा!" सगळे हसले. मी पाण्यात थर्मामीटर धरला. अठ्ठेचाळीस.

तुमच्या झोपडीतून धूर येत होता. दार उघडं होतं. मी पायवाटेवर अकरा मिनिटं थांबले. तुम्ही बाहेर आला नाहीत, मीही हाक मारली नाही.

योपी पहारेकरी भेटला. तुमच्या जागी नेमलेला माणूस आहे, म्हणून मी त्याच्याशी जपूनच बोलत होते. तोच भडाभडा बोलायला लागला. म्हणाला, "ताई, तुला खरं सांगू? मला खड्डा दिसतो, अंडं सापडत नाही. पहिल्या महिन्यात साठ खड्डे उकरले. किती मिळाली असतील? वीस! हा पक्षी महालबाड. चार ठिकाणी उकरतो, एकातच घालतो. बाकीचे नुसते फसवायला. तुझे वडील रोज साडेअकराला, पक्षी गेले की येतात, लांबूनच माती बघतात आणि म्हणतात, हा नाही, तो. मी कुणाला सांगत नाही. ते नसतील तर चोरांपासून वाचवून अंडी परत पुरतो ते माझं उबवणी कुंपण रिकामं राहील."

साठ खड्डे, वीस अंडी. त्यानंतर तो बराच वेळ आणखी काही बोलत होता. मी ते नीट ऐकलं नाही.

खोली कळवा, पापा. खड्डे मोजायला मी आले नव्हते.

युला


गुरुवार, २९ जून

पापा,

तांतेने मंगळवारी चौकीच्या पायरीवर बसून स्वतःच्या हातावर दाखवलं. "मागच्या नाताळात, इथे." खांदा. "ईस्टरला, इथे." कोपर. "आता, इथे." मनगट. आणि वर म्हणाली, "आणखी काही विचारू नकोस. एवढं काढायला मला दोन वाट्या तिनुतुआनची पेज आणि सगळी मिरची खर्ची घालावी लागली."

मी ते सेंटिमीटरमध्ये काढलं. तुमचा हात मला माहीत आहे, तुमच्या सदऱ्यांच्या बाह्या मीच शिवत असे. बोटाच्या टोकापासून खांद्यापर्यंत बहात्तर, कोपरापर्यंत सेहेचाळीस, मनगटापर्यंत एकोणीस.

कालालो साहेबांना फोन केला. ते मानादोच्या कार्यालयात बसतात आणि मालेओ त्यांनी फक्त चित्रात पाहिलाय. त्यांना समजावलं की हा पक्षी अंड्यावर बसत नाही. डोंगराच्या उबेत अंडं पुरतो आणि निघून जातो. चोच मातीत खुपसून ऊब पारखतो आणि चौतीस अंश जिथे लागेल तिथेच थांबतो. जी ऊब नाताळात बहात्तर सेंटिमीटरवर होती, ती आता एकोणीसवर आहे. खालची उष्णता सहा महिन्यांत त्रेपन्न सेंटिमीटर वर आली आहे. मैदान आणि झरा दोन्ही बंद करायला हवेत.

ते म्हणाले, "चांगलं आहे. मोजलं कोणी?"

मी तुमचं नाव सांगितलं. फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी वाचून दाखवलं. "'नोल्डी माविकेरे यांनी दिलेली कोणतीही नोंद यापुढे विश्वासार्ह मानू नये.' युला, खाली सही कुणाची आहे?"

मी म्हटलं, माझी.

"मग आता मी काय करू? तूच सांग."

रविवारी सोळा तारखेला उपकारदिन आहे. दरवर्षीप्रमाणे प्रार्थना झाली की सगळं गाव पाहुण्यांना घेऊन झऱ्यावर जेवायला जाणार. गेल्या वर्षी चारशे दहा माणसं होती. अजून सतरा दिवस आहेत.

तुम्ही खाली याल का, हे या पत्रात विचारत नाही. पुढच्या पत्रात विचारेन.

युला


मंगळवार, ४ जुलै

पापा,

सोबत चष्मा आहे. नंबर तुमच्या जुन्या कार्डावरून घेतला, तो सहा वर्षांपूर्वीचा आहे, थोडा कमी पडेल. हे पाकीट चिकटवलं आहे. तांतेला सांगितलंय की हे तुम्ही स्वतः वाचायचं. ती म्हणाली, "बरं बाई, मी काय तुमच्या घरची टपालपेटी?" आणि रुसली. तिची समजूत मी नंतर काढीन.

चार वर्षांपूर्वी मी बांदुंगहून सुटीत आले होते. शेवटच्या वर्षाला होते आणि राखीव जंगलाच्या कार्यालयाने मला नोंदी तपासायचं काम दिलं होतं. मी मैदानात एकसष्ट ताजे खड्डे मोजले. तुमच्या उबवणी कुंपणात तेवीस अंडी होती. एकसष्टातून तेवीस गेले, अडतीस राहिले. मी अहवालात लिहिलं, अडतीस अंडी बेपत्ता. तुम्ही एकच वाक्य बोलला होतात, "सगळ्या खड्ड्यांत अंडं नसतं." मी त्याला सबब समजले. एकही रिकामा खड्डा स्वतः उकरून बघितला नाही. एका सकाळचं काम होतं.

ही झाली पहिली चूक. ती योपीने दाखवली.

दुसरी गोष्ट त्याला माहीत नाही. मी परत जायच्या आदल्या दिवशी तुम्ही घरी प्रार्थना ठेवली होती. शेजारपाजारचे जेवायला होते. टोमॅटो आणि मिरचीत परतलेलं अंडं तुम्ही स्वतः माझ्या पानात वाढलंत. ते कोंबडीचं नव्हतं, हे मला पहिल्या घासाला कळलं. मी ते खाल्लं. पुन्हाही मागून घेतलं. मग हात धुवायला मागे गेले आणि केळीच्या बुंध्याशी टरफलं मोजली. सहा होती.

अहवाल मी त्यानंतर पाच दिवसांनी लिहिला. त्यात या सहांचा उल्लेख नाही. तो केला असता तर कुठे खाल्ली, कुणी खाल्ली, हेही लिहावं लागलं असतं. मी अडतीस लिहिलं. तो आकडा मोठा होता आणि माझ्यापासून लांब होता. तुमची नोकरी त्या आकड्याने गेली. सहाने कदाचित समज देऊन सोडलं असतं.

तुम्ही हे सगळं तेव्हाच कार्यालयात सांगू शकला असतात. सांगितलं नाहीत. त्याचा मला इतकी वर्षं रागच येत होता. का, ते अजून नीट मांडता येत नाही.

उद्या मी जुना अहवाल मागे घेते आहे. त्यात दोन्ही गोष्टी लिहिणार आहे, खड्ड्यांची चूकही आणि ताटातली अंडीही. कालालो साहेब म्हणतील की अशा निरीक्षकाच्या सहीवर जंगल कसं बंद करायचं. तो प्रश्न बरोबर आहे. माझ्याकडे दुसरा मार्ग नाही.

पापा, खाली या. मैदानात तर नकाच जाऊ. एकोणीस सेंटिमीटरवर चौतीस अंश असेल तर खाली एक मीटरवर किती असेल, याचा हिशेब मी तीन वेळा केला. तिन्ही वेळा उत्तर आवडलं नाही.

युला


शुक्रवार, १४ जुलै

पापा,

दहा दिवसांत तुमच्याकडून काही आलं नाही. तांते म्हणते, चष्मा तुम्ही लावता, पत्र उशाखाली ठेवलंय आणि "निरोप काय?" विचारलं की "तांदूळ संपले" म्हणता.

जंगल बंद केलं. साहेबांनी तोंडी परवानगी दिली, लेखी दिली नाही. "तुझ्या सहीने कर. रविवारी काही झालं नाही तर मंगळवारी इथे येऊन लेखी उत्तर दे." मग मी माझ्या सहीने फाटकावर सूचना लावली. योपीने खिळे ठोकले. त्याने एक खिळा जास्तच ठोकला आणि म्हणाला, "ताई, हे आता माझ्या डोक्यावर पण आहे हं."

काल गावचे प्रमुख, हुकुम तुआ, आले होते. बरोबर चर्चमधली तीन माणसं. चहा घेतला नाही.

"युलाबाई, भात भरायचे दोनशे बांबू तोडून झालेत. डुकरं ठरलीत. बितुंगपासून पाहुणे येणार. आणि तू पाटी लावतेस?"

मी म्हटलं, झऱ्याचं पाणी त्रेपन्न अंशावर गेलंय.

"पाणी गरम आहे म्हणून तर त्याला गरम झरा म्हणतात."

बाकीचे हसले. मी आलेख दाखवायला लागले. एकजण म्हणाला, "तुमच्या यंत्राची सुई तर सरळ आहे. मग ही माहिती आली कुठून?" मी खरं सांगितलं. त्यावर कुणी हसलं नाही. नुसते एकमेकांकडे बघायला लागले, आणि ते जास्त वाईट होतं. जाताना हुकुम तुआ दारात थांबले. "बापाला तूच चोर ठरवलंस. आता त्याच्याच शब्दावर आमचा सण बुडवतेस. आम्ही कोणती युला खरी मानायची?"

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दर वीस मिनिटांनी यंत्राशी जाते. सुई सरळ आहे. ती हलावी असं वाटतं आणि मग त्या वाटण्याची लाज वाटते. आज दोनदा फाटकापर्यंत उगाच जाऊन आले. हे वाक्यही उभ्यानेच लिहिते आहे.

फाटकाच्या आत आता एकच माणूस आहे. तुमची झोपडी कुळाच्या जमिनीवर आहे, तिथून तुम्हाला उठवायचा मला अधिकार नाही. विनंती करण्याएवढा आहे का, तेही माहीत नाही. तरी करते.

युला


रविवार, १६ जुलै, संध्याकाळ

पापा,

तुम्ही कुठे आहात, नक्की माहीत नाही. तांतेकडे नाही. योपी म्हणतो, तुम्ही दोन पिशव्या घेऊन किनाऱ्याच्या ट्रकमध्ये बसलात. पत्र तांतेकडे ठेवते आहे. जे झालं ते तुम्हीही पाहिलंत, पण मला ते क्रमाने लिहून काढायचं आहे.

सव्वादहाला प्रार्थना सुटली. साडेदहापर्यंत फाटकासमोर दीडशेएक माणसं होती. बायकांच्या डोक्यावर पातेली, पोरांच्या हातात गिटार. मी आणि योपी आडव्या बांबूच्या आत उभे होतो. सुरुवातीला थट्टाच चालली होती. एक मुलगी म्हणाली, "निरीक्षकबाई, निदान आमचं डुक्कर तरी आत सोडा, आयतंच उकडून येईल." मग मागून ढकलाढकली सुरू झाली. कुणीतरी बांबू उचलला. योपीने तो परत खाली दाबला आणि त्याचं बोट चेमटलं.

तुम्ही अकरा वाजून पाच मिनिटांनी आलात. आतल्या बाजूने, पायवाटेवरून, दोन पिशव्या घेऊन. गर्दीला आधी दिसलात, मला मागाहून.

हुकुम तुआ म्हणाले, "ये नोल्डी, तूही बघ. तुझ्या पोरीने सण बुडवला."

तुम्ही म्हणालात, "पोरीने नाही. मी बुडवला. पक्षी मनगटाएवढंच खणतायत. परवापासून तेही नाही. परवापासून एकही उतरलेला नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "अंडीचोर सांगणार आता आम्हाला!"

आणि तुम्ही, पापा, सदऱ्याची बाही वर केलीत. "हो, चोर. पोलिसाला विचार अंडं किती खोल असतं, सांगता येईल त्याला? चोरालाच विचारावं लागतं. एकतीस वर्षं हा हात त्या मातीत गेलाय. आज सकाळी घातला आणि ओढून काढला." हाताची कातडी मनगटापर्यंत लाल झाली होती. तुम्ही तो हात पहिल्या रांगेतल्या म्हातारीपुढे धरलात. तिने पातेलं खाली ठेवलं आणि त्यावर बोट टेकवून बघितलं. पातेलं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि मागे वळली. तिच्या मागे तिच्या सुना वळल्या.

सगळे गेले नाहीत. चाळीसएक जण वाद घालत राहिले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याने हात चुलीत घातला असेल. तुम्ही बांबूला टेकून उभे राहिलात, पाठ माझ्याकडे करून. साडेअकरा झाले. रोज या वेळी तुम्ही मैदानात असता, हे माझ्या मनात आलं. तुमच्याही आलं असावं. तुम्ही योपीला म्हणालात, "आज मैदान राहिलं."

अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी आधी आवाज नव्हता. आधी पायाखाली हिसका बसला, मग आवाज आला, मग झाडांच्या वर करडा खांब दिसला. वाफ, चिखल, दगड. चार मिनिटं चाललं. खांब झऱ्यातून निघाला नव्हता. मी झरा फुटेल असं धरून चालले होते. फुटलं ते मैदान, बरोबर मधोमध. दगड झऱ्यापर्यंत आले. तुमच्या झोपडीचं छप्पर गेलं. फाटकावर फक्त राख पडली आणि बारीक खडे. बांबूच्या बाहेर कुणालाही काही झालं नाही. आत आम्ही तिघे सोडून कुणी नव्हतं.

सगळे धावले. मीही धावले, पण चौकीकडे, यंत्राच्या नोंदी बघायला. उत्तरेच्या सुईने फक्त शेवटच्या सहा मिनिटांत हालचाल दाखवली होती. सहा मिनिटांत चारशे माणसं त्या पायवाटेने खाली आली नसती.

परत आले तेव्हा तुम्ही नव्हता.

तुम्ही आल्यापासून जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. तक्रार करत नाही. नोंद म्हणून लिहिते आहे.

युला


सोमवार, ७ ऑगस्ट

पापा,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. तांतेने ते माझ्या हातात देताना म्हटलं, "चिकटवलंय. बापलेक दोघंही सारखेच हलकट." तिला तिनुतुआन करून घातलं. समजूत अर्धीच निघाली.

अहवाल मागे घेताना लिहिलेल्या पत्राची प्रत मी तुम्हाला पाठवली होती, ती तुम्ही परत केलीत. समासात पेन्सिलीने तुमचं अक्षर आहे. 'सहा नाही. सात. एक मी खड्ड्यापाशीच कच्चं प्यायलो. लिही.' मी लिहिलं. नवी प्रत आज टपालात टाकली. कालालो साहेबांनी फोनवर विचारलं, "आता सातवं कुठून आलं?" मी म्हटलं, ज्याने खाल्लं त्याने कळवलंय. मग ते म्हणाले, या प्रकरणाची चौकशी बसेल आणि बहुधा माझी बदली होईल. कुठे, ते सप्टेंबरमध्ये कळेल. नव्या यंत्राबरोबरच.

बाकी पत्रात तुम्ही लिहिलंय की तान्जुंग लामोच्या किनाऱ्यावर पक्ष्यांच्या नऊ जोड्या आल्या आहेत. तुम्ही मच्छीमारांच्या पडवीत राहता. तिथली वाळू डोंगराने नाही, उन्हाने तापते. ढग आला की थंड, ऊन पडलं की चटका. काल कोपरापर्यंत होतं ते आज खांद्यापर्यंत. 'माझा हात इथे चुकतोय. तीन खड्डे उकरले, तिन्ही रिकामे. मच्छीमार हसतात.' आणि खाली, बहुधा दुसऱ्या दिवशी, वेगळ्या पेन्सिलीने, 'लांब दांड्याचा थर्मामीटर असेल तर घेऊन ये. कुत्रीही आहेत इथे, अंडी उकरतात. कुंपण लवकर घालायला हवं.'

ते पत्र मी किती वेळा वाचलं, ते सांगत नाही.

चौकीवर बदली माणूस बुधवारी येतो. गुरुवारी सकाळी सहाच्या बसने निघते, दुपारी एकपर्यंत पोहोचेन. दोन थर्मामीटर आणते आहे, एक मीटरभराचा आणि एक आखूड. कुंपणाला जाळी योपी देतोय, बावीस मीटर, थोडी गंजकी आहे. त्याचं बोट बरं आहे.

तिथे मी किती दिवस राहू शकेन, माहीत नाही. बॅग भरली, परत काढली, परत भरली. वहीही आत ठेवली आहे. पण पहिले दोन दिवस ती उघडणार नाही. तुम्ही वाळूत हात घालाल तिथे मीही घालेन.

युला